गल्ली, कोपरा, नंबर

सोमवार, दुपारची चहाची वेळ

चिमणे,

सुखी राहा. माझे गुडघे होते तिथेच आहेत, त्यांची चौकशी करू नकोस.

आधी आला तो तुझा टकल्या संपादक. तुला दर लढाईच्या गावी धाडून स्वतः पंख्याखाली बसायचा, तोच. मी म्हटलं, आला हा पोरीला परत न्यायला. दारातच सांगितलं, माझी नात आता खाण्यापिण्याचं लिहिते, बंदुकांचं नाही. तर म्हणाला, मी एकटा नाही आलो. मागून जिन्यावर काठी वाजली. धिप्पाड माणूस, एक पाय ओढत, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

हाच तो भट्टीवाला, असं टकल्या म्हणाला आणि माझ्या हातातला चहापत्तीचा डबाच निसटला. अजून कपाटाखालून पत्ती निघतेय.

पीठ मळताना तू एकदाच बोलली होतीस. वेढ्यातल्या उपाशी गावाला पाव देणाऱ्या भट्टीवर लिहिलंस, गल्ली-कोपऱ्यासकट लिहिलंस, आणि पेपर निघतो न निघतो तोच तिच्यावर बॉम्ब पडला. आतले सगळे गेले म्हणालीस. नोकरी सोडलीस. मी कुणाजवळ बोलले नाही. पण तुझं छापलेलं मी बोट ठेवून ठेवून वाचते, चिमणे. माशांचं लिहितेस, भोपळ्याचं लिहितेस. पावाचं अक्षर नाही, आणि एकाही दुकानाचा पत्ता नाही. शेजारीण कुरकुरते, तुमची नात तोंडाला पाणी आणते आणि भर रस्त्यात सोडून देते. मी म्हणते, हिंडा जरा, पाय मोकळे होतील.

तर मला वाटलं, हा सूड उगवायला आला. मी धडधडीत खोटं बोलले, मला नातच नाही. तो भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत राहिला. म्हटलं, ती शेजारणीची मुलगी. नेमकी तेव्हाच शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि म्हणाली, अहो, ही तुमचीच की. भवानी कुठली!

ती गेली. मी भाजीची सुरी पदराखाली घेतली होती, तुझ्यापासून काय लपवायचं. त्याने कागद सोडला. आत पाव, अजून गरम. आपली भाषा तोडकीमोडकी बोलतो. तो वाचला, भाऊ नाही वाचला, एवढंच सांगितलं त्याने. मग मीच विचारलं, "तिचा राग येतो का रे तुला?"

"भाऊ आठवला की येतो," तो म्हणाला. "पण आजी, आमच्या भट्टीचा धूर साऱ्या गावाला दिसायचा. बॉम्ब टाकणाऱ्याला पेपर कशाला लागतो?"

हे खरं, की माझं तोंड बघून बोलला, मला नाही ठरवता आलं. ते तू विचार.

आपल्याच शहरात त्याने नवी भट्टी टाकलीय. टकल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायला तयार आहे, पण हा ऐकत नाही. म्हणाला, "तिनेच लिहायचं. गल्ली, कोपरा, नंबर, सगळं. नाहीतर तिच्या लेखी मी मेलेलाच."

मग मी सुरी पदरातून काढली आणि त्याच सुरीने पाव कापला. तो हसला, म्हणजे त्याने ती आधीच पाहिली होती. इतकी खूश झाले की टकल्याच्या वाटणीचा तुकडाही मीच खाल्ला.

तुझा पत्ता त्यांना दिलेला नाही. तो द्यायचा की नाही, ते तुझं तू बघ. तुझा तुकडा फडक्यात बांधून ठेवलाय, कडक होईल, पण राहील. शेजारणीला साखर बुधवारीच पोचवते, म्हणजे मध्येच टपकायची नाही. दार मी उघडेन, पण घरात तू हवीस.

गुरुवारी दुपारी परत येतो म्हणून गेलेत.

तुझी,
वाट बघणारी आजी