मत सांगायचं नाही

५ फेब्रुवारी

आज माझ्या बी.एड.च्या वर्गात चिमणी पुन्हा रडली! सराव पाठाचा विषय – नदीकाठचा रंगाचा कारखाना बंद व्हावा की चालू राहावा. बाकीचे छात्रशिक्षक आठवीची मुलं होऊन बाकांवर बसलेले, आणि ही थोराड ‘मुलं’ असली वात्रट! “बाई, तुम्ही कोणाकडून पैसे खाल्ले?” एकाने विचारलं. चिमणीचा आवाज मुळातच एवढासा, म्हणून तर ते नाव. तो पार बसला.

मी तिला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. ज्या विषयावरून लोक एकमेकांच्या घरी जाईनासे झालेत, तो वर्गात येणारच. तेव्हा ही काय फळ्याकडे तोंड करून उभी राहणार?

७ फेब्रुवारी

नियम पुन्हा घोकून घेतले. मुलांनी चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जी बाजू येईल ती मांडायची. चिठ्ठी बदलून मिळणार नाही. आणि शिक्षकाने स्वतःचं मत सांगायचं नाही – काही झालं तरी नाही.

जेवताना हे म्हणाले, “सगळे विषय सोडून आमचाच कारखाना सापडला? निदान तुझं मत तरी कळू दे.” हे तिथे शिफ्ट इनचार्ज. मी म्हटलं, “शिक्षकाने मत सांगायचं नसतं.” हसले नाहीत. हल्ली हसतच नाहीत. अर्धं ताट तसंच टाकून उठले.

मत आहे मला. नळाला येणारं पाणी रोज बघते मी. पण ह्यांच्या तोंडावर कसं सांगू? त्याच पगारावर घर चाललंय.

१२ फेब्रुवारी

जमलं चिमणीला! ‘पैसे खाल्ले?’ला आज शांतपणे म्हणाली, “तुला हे कशावरून वाटलं? सांग, आपण तपासून बघू.” वात्रट गार! मी टाळ्याच वाजवणार होते. परवा खरी शाळा, खरी आठवी.

१४ फेब्रुवारी

काय करून बसले मी!

पुढच्या बाकावरच्या मुलीने चिठ्ठी उघडली. ‘चालू राहावा.’ “बाई, मला ही नको,” ती म्हणाली. चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर, गुणांचा तक्ता घेऊन. मी मान हलवली – नाही. बदलायची नाही.

मुलगी उभी राहिली. “कारखाना चालू राहावा, कारण…” एवढंच. मग हुंदका, आणि दप्तर टाकून बाहेर धावली. शेजारची हळूच म्हणाली, “तिच्या बाबांचे हात तिथेच भाजले ना, बाई. अजून भरवावं लागतं त्यांना.”

आमच्या खोट्या आठवीत कोणाचेच बाबा भाजलेले नव्हते. माझ्या डोक्यातच आलं नाही.

१५ फेब्रुवारी

मुलीची आई बरेच पालक घेऊन शाळेत येऊन गेली; उद्या पालकांची सभा ठरली. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. “त्या छात्राध्यापिकेचा सराव रद्द करू. वर्ष जाईल तिचं, पण प्रकरण मिटेल.” म्हणजे बळीचा बकरा ठरलासुद्धा! चिमणीने त्यांना सांगितलं होतं, ‘चूक माझीच.’ मी मान हलवली त्याबद्दल अवाक्षर नाही. रागच आला तिचा – देवाने तोंड दिलंय ना? मग स्वतःचा आला. मलाही दिलंय की.

“मी सांगते सभेत,” म्हटलं. प्राचार्य खाली बघत म्हणाले, “मॅडम, तुमचे मिस्टर कुठे कामाला आहेत? लोक म्हणतील, नवऱ्याचा कारखाना वाचवायला बाईंनी पोरीच्या तोंडून वदवून घेतलं. तिचं वर्ष जाईलच, तुमची नोकरीही जाईल.”

घरी ह्यांना सांगितलं. वाटलं, आता भांडतील. तर म्हणाले, “खरं ते सांगून मोकळी हो. माझ्या नोकरीची काळजी करू नकोस.” चमत्कारिकच वाटलं.

१६ फेब्रुवारी, दुपार

सांगितलं! “चिठ्ठी बदलू नकोस असं मी खुणावलं. तिने फक्त माझं ऐकलं.” मागून कोणीतरी ओरडलंच – “कारखानेवाल्याची बायको!” मग जो गोंधळ!

मुलीची आई उठली. ती ओरडली नाही. “एवढंच सांगा बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” कोपऱ्यातून चिमणी टक लावून बघत होती. नियम माझाच. पण ही काही आठवी नव्हती, आणि या बाईच्या नवऱ्याचे हात भाजले होते.

“बंद व्हावा,” मी म्हणाले.

मुलीची आई म्हणाली, “माझी पोर येईल परत वर्गात. पण कुठली बाजू मांडायची ते तिचं तिला ठरवू द्या. आणि त्या लहान बाईंचं वर्ष घालवू नका.” मी उलटं उत्तर दिलं असतं तर ती असं म्हणाली असती का? ठाऊक नाही. चिमणी वाचली. माझं काय ते प्राचार्य ठरवतील.

बाहेर आल्यावर चिमणी म्हणते, “मॅडम, मत सांगायचं नसतं ना?” “गप्प बस!” म्हटलं, आणि तिथेच रडू फुटलं मला.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. हे पायरीवर बसलेले. “अख्ख्या गावाला सांगितलंस,” म्हणाले, “मला सांगायचं राहिलं.” मी काही बोलणार तोच म्हणाले, “महिनाअखेरीला बंदच होतोय कारखाना. मला गेल्या महिन्यात कळलं. रोज तुझ्याजवळ बोलायला यायचो – तू मतच सांगायची नाहीस.”