आठ ते नऊ फोन डब्यात

३ मे २००६, तळेगाव
आज घरात कायदा केला. संध्याकाळी आठ ते नऊ टीव्ही बंद, मोबाईल डब्यात, हॉलमधला फोन वाजला तर वाजू द्यायचा. चौघांनी जेवायचं आणि एकमेकांशी बोलायचं.
कारण कालचं जेवण. हे मोबाईलवर सापाचा खेळ खेळताहेत, लेक मैत्रिणीच्या मिस कॉलची वाट बघतेय, सासूबाई मालिकेत. भाजीत मीठ घालायला मी विसरले होते. एकाच्याही लक्षात आलं नाही! असा राग आला. मीनू बारावी देऊन बसलीय, नंबर लागला की नागपूरला होस्टेलवर जाईल. उरले किती दिवस? ते मला हवेत.
हे म्हणाले, "दुकानाचा फोन आला तं?" म्हटलं, बियाणं आठ वाजता कोणी पेरत नाही.

४ मे
सा.बा. रुसल्या. "माह्या मालिकेत आज लगन हाय, अन् तू टीव्ही बंद करून राह्यली?"
तोड निघाली. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा लागतो.
मीनूनं नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. खाली सगळ्यांच्या सह्या. सा.बां.नी आपल्या सहीपुढे "जबरदस्तीनं" असं लिहायला लावलं.

८ मे
जमतंय की! आज ह्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. सेलूला मामाकडे असताना सायकलनं केळझरच्या गणपतीला गेले आणि परत बसनं आले. सायकल देवळापाशीच. घरी आल्यावर मामानं विचारलं तेव्हा आठवली. एकोणीस वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं. मीनूला ठसका लागेपर्यंत हसू.

१२ मे
आमच्या डब्यात पोळ्या उरलेल्या, म्हणून मोबाईल आज शेजारच्या कुसुमताईंच्या डब्यात. त्यातून त्यांच्या कुरड्या आल्या होत्या. वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळला. जेवण संपता संपता वीज गेली. सगळे अंगणात जाऊन बसलो. मीनूनं भुलाबाईची गाणी म्हटली, अर्धी विसरलेली. सा.बां.नी पुरी केली. छान वाटलं. फार छान.

१३ मे
मोबाईल हरवला!! ह्यांनी सकाळपासून दुकान उलथंपालथं केलं. मीही विसरलेच होते. संध्याकाळी मीनूनं हॉलमधल्या फोनवरून लावून बघितला. वाजला, पण बारीक, भिंतीपलीकडे.
पाच मिनिटांत कुसुमताई डबा घेऊन दारात. "वहिनी, तुमच्या शेवया वाजून राह्यल्या."
झालं असं, की शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही सा.बां.ची शिस्त. दुपारी दोनची मालिका सुरू होत होती, म्हणून घाईघाईनं त्यात शेवया भरल्या आणि देऊन आल्या. "मले वाटलं, शेवया तुटू नये म्हनून फडकं तूनंच टाकलं." पोट धरून हसलो. हे सोडून. त्यांचे कंपनीवाल्याचे फोन बुडाले. मग तेही हसले.
कुसुमताई भिंतीवरचा कागद वाचून नक्कल करून घेऊन गेल्या.

१ ऑगस्ट
मीनू गेली. ह्यांनी मोबाईल तिलाच दिला. पोचल्याचा फोन आला. उद्या करते म्हणाली. किती वाजता ते विचारायचं राहिलं.
घर मोठं वाटतंय. आवडत नाहीये मला.

२ ऑगस्ट
आठ वाजता मी हॉलमधला फोन वायर ओढून ताटाजवळ आणून ठेवला. ह्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सा.बा. म्हणाल्या, "मंग आता टीव्ही लावू का?" मला लाज वाटली, पण फोन हलवला नाही.
वाजला नाही. साडेआठ. पावणेनऊ. वरण गार. रिसीव्हर दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना.
नऊ वाजून एक मिनिटानं आला.
"आठ वाजता काऊन नाई केला गं?"
"आई, तुमचं जेवन चालू राह्यते ना. सही केली हाय मी."
मग विचारलं, जेवलीस का?
"हो. मोबाईल डब्यात ठेवून. खोलीतल्या दोघींचेबी घेतले."
डोळे पुसत हसले. हे बाजूला उभे राहून आता मला दे, मला दे करत होते.
आता तो कागद काढावा, की रोज नऊपर्यंत कळ काढावी? काढायचा तर कोणत्या तोंडानं? सा.बां.ना विचारलं. म्हणाल्या, "काढशीन तं माही सही आधी खोडजो. सही केल्यावर मी मोडत नाई."