आईचं लोह आणि बाबांचा खल

३ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईचं रक्त वाढलं नाही म्हणून डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं, हे तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत कळलं. त्याआधी दोन पानं दुकानातल्या नव्या रंगांचं कौतुक! मी पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या ती घेते, की गादीखाली सारते? जिना उतरून तिला दुकानात यायचंय, बाबा. हे फार कडक झालं; खोडणार होते, पण खोडत नाही. गोळ्या कशा घेता, ते सविस्तर कळवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
ठमी

९ मार्च

चि. हेडबाईंस अनेक आशीर्वाद.

सकाळी तिची लोहाची आणि माझी हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी खलात एकत्र घोटतो. जन्मभर रंग कालवले, गुठळी राहील होय? मग चहातून निम्मं तिला, निम्मं मला. एकटीच्या घशाखाली औषध उतरत नाही म्हणते. संसारात सगळं निम्मं-निम्मं केलं, तर हेच वेगळं कशाला? तुझी बोलणीसुद्धा वाटूनच खातो.

बाबा

१५ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

कपाळावर हात मारून घेतला. अहो, हा डिस्टेंपर नाही! लोहापासून रक्ताचा तांबडेपणा बनतो, तोच प्राणवायू अंगभर पोचवतो. कॅल्शियम शेजारी असलं की लोह नीट शोषलं जात नाही. उरलंसुरलं चहा अडवतो. म्हणजे तिला निम्मं लोह, तेही वाया. तुमच्या हाडांना निम्मं कॅल्शियम. आणि नको ते लोह तुमच्या पोटात. वर पोट साफ होत नाही म्हणून तुमचीच कुरकुर!

डॉक्टरांना हे सगळं सांगा. तिची गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, तुमची रात्री जेवल्यावर, चालेल का विचारा. खल दुकानात न्या. तिला सोबतच करायची तर शेजारी बसून साधं पाणी प्या.

चिडण्यामागची माया ओळखावी.
ठमी

२ जून

चि. ठमीस आईचे आशीर्वाद.

डॉक्टर हो म्हणाले, यांनाही रागावले. आता मी गोळी घेते, तेव्हा हे समोर बसून साधं पाणी पितात, तेही कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून. मग माझी पापणी खाली ओढून रंगांचं कार्ड लावून बघतात. पांढऱ्यावरून गुलाबीवर आलेय म्हणे. परवाच्या तपासणीतही रक्त पुरेसं भरलं. ऑपरेशन येत्या शुक्रवारी.

पण आदल्या रात्रीपासून मला उपाशी ठेवणार कळल्यावर यांनीही जेवायचं नाही असं ठरवलंय. मी सांगून थकले. तू यांना एक कडक पत्र लिही. काही खोडू नकोस.

आई