संध्याकाळची गोळी

१३ जानेवारी १९७५, सोमवार
आज शालूला तांब्या फेकून मारला. कपाळाला खोक पडली. तिचा गुन्हा एवढाच — "आवं, जरा सरकून बसा की," म्हणाली. सरकून! इथं कमरेत कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय आणि बायको सरकायला सांगते! हळद तिची तिनंच भरली. मी नुसता बघत बसलो.

सतरा वर्षं पलटणीत काढली. एकाहत्तरच्या लढाईत खरचटलंसुद्धा नाही. पेन्शन घेऊन गावी आलो आणि दुष्काळात, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा सख्ख्या धाकट्या भावानं पाठीमागून फावड्याचा दांडा घातला. नाथाजीनं! समोरून आला असता तर लोळवला असता. दोन वर्षं होत आली.

१४ जानेवारी
संक्रांत. नाथाजीच्या बायकोनं, रंगूनं, तिळगूळ पाठवला. म्हशीपुढं टाकला.

१८ जानेवारी
कराडला डॉक्टरकडे. एस.टी.त उभ्यानंच गेलो, बसलं की कळ मस्तकात जाते. पिवळ्या गोळ्या दिल्या — सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावरच. "हवालदार, दोनाच्या वर जायचं नाही. पोटात रक्तस्राव होईल." कायमचं बरं कधी होणार, विचारलं. मान हलवली. मणक्याचं दुखणं, सांभाळत राहायचं म्हणे. सांभाळायला ते काय लेकरू आहे!

२० जानेवारी
गोळीनं दुखणं निम्मं होतं. बास, निम्मंच.

आज बांधावरून चाललो होतो. विहिरीपासून नाथाजी ओरडला, "काय हवालदार, परेड कवा?" त्याचे गडी खिदळले. हात शिवशिवले. दगड उचलायला वाकलो — आणि उठताच येईना! त्या सगळ्यांदेखत गुडघे टेकून बसलो. शेवटी शालूनं येऊन उठवलं.

ठरलं आता.

२२ जानेवारी
जीव घ्यायचा नाही. मेलेल्याला काय कळतंय? कमरेत एकच घाव. मला बसला तिथंच. त्यालाही परसाकडला जाताना बायकोचा खांदा लागला पाहिजे. त्यालाही नुसत्या शिंकेनं घाम फुटला पाहिजे. कळू दे भाड्याला!

पण दांडा उचलायला कंबर पाहिजे. आजपासून संध्याकाळची गोळी खायची नाही. बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत ठेवायची.

२५ जानेवारी
चार झाल्या. काल उशी चावून चावून फाडली. शालू विचारते, "गोळी घेतली न्हवं?" घेतली म्हणतो.

२ फेब्रुवारी
तालीम केली. तीन एकदम घेतल्या. पोटात आग पडली, पण तासाभरात — काय सांगू! वाकून बुटाची नाडी बांधली. कुऱ्हाड घेतली आणि लाकडाचा अख्खा ढीग फोडला. प्रत्येक ओंडक्यात नाथाजी दिसत होता. शालू दारात उभी राहून रडायला लागली. "बरं झालासा! भावजींस्नी सांगून येऊ?" असा खेकसलो की आतच पळाली. दिवस मावळायच्या आत पुन्हा खाटेवर.

१० फेब्रुवारी
गुरुवारी विहिरीवर नाथाजीची पाळी असते. गडी यायच्या आधी एकटाच येतो. पाण्याच्या इंजनाचं हँडल मारायला वाकतो. तेव्हाच.

शालूला डबी सापडली. माझे पाय धरले. "ह्या कशापायी साठवल्यासा? जिवाचं काय बरंवाईट करून घेणार हायसा का?" हसूच आलं. म्हटलं, मी कशाला मरतोय! तरी रडत होती. डबी मात्र काढून घेतली तिच्याकडून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
झालं.

चार गोळ्या उपाशीपोटी घेतल्या. उजाडायला मळ्यात पोचलो. ताठ! दांडा हातात. इंजन धरत नव्हतं, तो वाकून हँडल फिरवत होता. पाठीमागून घालायचा, हे मनाला पटेना. हाक मारली, "नाथा." त्यानं मान वळवून बघितलं. सगळं तोंड हसलं त्याचं. "दादा! सरळ चालतुयास की रं!"

घातला. दांडा मोडला. कडकन आवाज झाला तो लाकडाचा की हाडाचा, समजलं नाही. नाथाजी इंजनावर पालथा पडला. मी तिथंच उभा राहिलो. कुठंही दुखत नव्हतं. छाती भरून श्वास घेतला. आनंद झाला. खोटं कशाला लिहू — लय आनंद झाला!

१५ फेब्रुवारी
शौचाला काळं होतंय. खाटेवरून उठता येत नाही, गोळीला हात लावायची भीती वाटते.

नाथाजीला सांगलीला नेलंय. फौजदार येऊन गेला. नाथाजीनं जबाब दिलाय म्हणे — विहिरीच्या पायरीवरनं घसरलो. मी फौजदारापुढं तोंड उघडलं नाही. शालूला सगळं कळलंय. भाकरी वाढते आणि म्हशीकडं निघून जाते.

तो ओरडला असेल ना? कण्हत असेल. एकदा कानानं ऐकायचंय.

१९ फेब्रुवारी
सांगली. शालूनं धरून नेलं. नाथाजी उताणा निजलेला. डॉक्टर पायात सुई टोचत होते, तो छताकडं बघत होता. डॉक्टर गेल्यावर विचारलं, "लय दुखतंय का रं?"

"न्हाई दादा. कमरंखाली कायच कळत न्हाई. तुजं कसं हाय?"