जुन्या इंजिनावरच्या पाटीचे वाक्य बदलण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
यंत्रशिक्षण केंद्र, परतूर,
जि. जालना.

अर्जदार : सोनूबाई भुजंग तौर, वय ६९, रा. परतूर.

विषय : केंद्राच्या आवारातील जुन्या इंजिनावर माझ्या यजमानांविषयी लिहिलेले वाक्य बदलण्याबाबत.

संदर्भ : माझे दोन अर्ज आणि त्यांना आलेली आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे.

महोदय,

१. हे प्रकरण फसली १३५३ चे आहे. इंग्रजी सन १९४४, जानेवारी महिना. राज्य निजामाचे होते आणि बाहेर लढाई चालू होती. आपल्या आवारात पत्र्याखाली जे आडवे इंजिन ठेवले आहे ते तेव्हा आमचे मालक काकासाहेब यांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चालत असे. ते चालवणारे डायव्हर माझे यजमान भुजंग. आता त्या इंजिनावर पाटी आहे : ‘चालक भुजंग तौर याने वेळेवर तेल न बदलल्यामुळे हे इंजिन निकामी झाले. विद्यार्थ्यांनी यावरून बोध घ्यावा.’ बोध जरूर घ्यावा. पण ज्या माणसाने तेल बदला, तेल बदला म्हणून मालकाचे कान किटवले, त्याच्याच नावावर तो घेऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

२. पहिला अर्ज मी कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतला. त्याला सगळी हकीकत सांगितली, त्याने मान डोलावली आणि सवयीप्रमाणे शेवटी लिहिले, ‘तरी झालेल्या गफलतीची माफी मिळावी.’ मी न वाचता सही केली, ही चूक माझी. आपल्याकडून उत्तर आले की माफी देणे या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. म्हणून दुसरा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. त्याला उत्तर आले की पाटीवरचा मजकूर त्या वेळच्या चौकशीच्या उर्दू कागदावरून भाषांतर करून घेतलेला आहे. तो बदलायचा तर अर्जदाराने (अ) सदर चालक घटनेच्या दिवशी जालन्यास होता याबद्दल प्रवासाचा पुरावा, (ब) वापरलेल्या तेलाचा नमुना, आणि (क) तेलाविषयी मत देण्यासाठी स्वतःची तांत्रिक पात्रता सादर करावी. हे तिन्ही आज सादर करते.

३. आधी (क). माझे माहेर आष्टी. वडिलांची विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट पाण्यात कुजू नये म्हणून दर उन्हाळ्यात करडीचे तेल मोठ्या आचेवर कढवून तिला चढवत. त्याला रोगण म्हणत. करडीचे तेल कढले की आधी मधासारखे होते, मग गुळाच्या पाकासारखे, आणि गार झाले की त्यातून पळी निघत नाही. हे काम माझ्याकडे होते. आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत मी ते केले. माझी पात्रता ती.

४. यजमानांची रीत सांगते. जिनिंग अमावस्येला बंद असे, म्हणून मालकांनी ठरवले होते की इंजिनाचे तेल अमावस्येला बदलायचे. एरवी ते चाले. पण कापसाच्या हंगामात दोन-दोन पाळ्या चालत, आणि अमावस्येची वाट बघितली तर तेल पार काळे आणि पाण्यासारखे पातळ होई. यजमान दर पाळीला भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढत. तीस रेघा झाल्या की तेल बदलले पाहिजे, मग तिथी कोणतीही असो. रोज सकाळी तेल अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरून ताणून बघत, वास घेत. काकासाहेब म्हणत, ‘भुजंगा, इंजिनाला पंचांग कळत न्हाई हे मला ठाव हाय, पण खर्चा मला कळतो.’ तरी ते ऐकत. काढलेले काळे तेल फुकट जात नसे. कापूस घेऊन आलेले गाडीवान आसाला वंगण म्हणून ते मागून नेत. तेल बदलायच्या दिवशी गाड्यांना अडकवलेली बांबूची नळकांडी हातात घेऊन पंधरा-वीस माणसे दाराशी बसलेली असत आणि यजमानांना ‘डायव्हरसाब’ म्हणत. मी यजमानांची भाकरी घेऊन जाई तेव्हा ती माणसे मलाही वाट करून देत. त्या गर्दीतून चालताना वाटायचे ते सुख मला पुढे कशात वाटले नाही. ते आपल्याला सांगून उपयोग नाही, पण लिहिले.

५. लढाईमुळे त्या हंगामात डब्यातले वंगण मिळेना. केशवराव नावाचे मुनीम होते. त्यांनी तोड काढली की घाण्यावरचे करडीचे तेल घालावे, आपल्या मुलखात त्याला तोटा नाही. ते म्हणाले, ‘जे तेल मालकाच्या पोटात बराबर चालतं, ते लोखंडाच्या पोटात न चालायला काय झालं?’ यजमानांनी घरी येऊन मला हे सांगितले. मी म्हटले, ‘त्याचं रोगण व्हईल. एरंडेल घाला हवं तर, ते निदान इतकं लवकर जमत न्हाई.’ त्यांना ते पटले. दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर गेले आणि म्हणाले, ‘एरंडेल घालतो, दोन दिवसाला बदलतो, पण करडी नको.’ मालकांनी विचारले, ‘हे तुला कोणी शिकवलं?’ माझे यजमान खोटे बोलत नसत. ते म्हणाले, ‘घरच्यांनी.’

त्यावर केशवराव म्हणाले, ‘मंग उद्यापासून इंजिनाला लुगडंच नेसवू की, डायव्हरसाहेब.’ सगळी जिनिंग हसली. यजमानांनी घरचे नाव न घेता ते स्वतःचे म्हणून सांगितले असते, तर मालकांनी कदाचित ऐकले असते. पंचेचाळीस वर्षे मी याचा विचार केला आहे. आपण माझी तांत्रिक पात्रता विचारलीत तेव्हा मला केशवरावांचा आवाज आला.

६. आता (अ). मालकांनी यजमानांना सांगितले, ‘जालन्याला जाऊन ये, दोन डबे कुठे भेटले तर बघ.’ तोंडी सांगितले. डायव्हरला कागद कोण देतो? ते रेल्वेने गेले आणि दोन दिवसांनी परत आले. तिकीट परतूर स्टेशनावर उतरताना दारावरच्या माणसाने घेतले. उतरताना तिकीट द्यावेच लागते, हे आपल्यालाही ठाऊक असेल. तेव्हा प्रवासाचा पुरावा रेल्वेकडे आहे, असे समजावे.

त्या दोन दिवसांत मुनिमांनी कचरूला, म्हणजे इंजिनाला तेल घालायला ठेवलेल्या गड्याला, जुने तेल काढून करडीचे घालायला लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी चालते इंजिन आचका देऊन थांबले. आतला दांडा मोडला. यजमान संध्याकाळच्या गाडीने उतरले. स्टेशनापर्यंत इंजिनाचा ठोका ऐकू येत असे. तो आला नाही, तेव्हाच त्यांना कळले. हातात वंगणाचा एक डबा होता. तो एकच मिळाला होता.

७. चौकशीला वरून एक अंमलदार आले. त्यांनी यजमानांना दोनच प्रश्न विचारले. पहिला, ‘तेल तुम्ही बदललं का?’ हे म्हणाले, ‘न्हाई, मी बदललं न्हाई.’ दुसरा, ‘त्या दिवशी हजर होता का?’ हे म्हणाले, ‘न्हाई.’ दोन्ही खरे होते. उर्दूत लिहून घेतले, खाली सही घेतली. त्याचे मराठी करून आपण पाटी रंगवली. भिंतीवर कोळशाच्या अकरा रेघा होत्या, म्हणजे तेल बदलायची वेळच आली नव्हती. त्याच आठवड्यात भिंतीला चुना दिला गेला.

८. (ब) तेलाचा नमुना. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे तेल कोणी ठेवत नाही, म्हणून मी नवे केले. घाण्यावरून करडीचे तेल आणले आणि लोखंडी कढईत तीन दिवस चुलीवर कढवले. माझी सून रजनी म्हणाली, ‘आत्याबाई, सगळं घर काळं करून राह्यल्या. त्या हापिसात कोणी कढईला हात तरी लावंल का?’ तिचे म्हणणे बरोबर असू शकेल. कढई या अर्जासोबत पाठवत आहे. तिच्यात एक पळी आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ती काढून दाखवावी. निघाली तर माझा अर्ज फेटाळावा.

९. मागच्या आठवड्यात आपले लिपिक घरी येऊन म्हणाले की साहेब भले आहेत, मधला मार्ग काढतात. पाटीवरचे भुजंग तौर हे नाव रंगाने पुसून टाकू, नुसते ‘चालकाने’ एवढेच ठेवू, म्हणजे वाद मिटेल. मी त्यांना चहा दिला आणि लेखी कळवते असे सांगितले. ते आता कळवते.

१०. त्यापूर्वी एक गोष्ट. या प्रकरणातले लोक आता भेटणार नाहीत, म्हणून त्यांचे पुढे काय झाले ते नोंदवून ठेवते. काकासाहेबांनी पोलीस ॲक्शननंतर मोडके इंजिन सोडून बाकी जिनिंग विकली. ते हैदराबादेला गेले आणि तिथेच वारले. इंजिन त्यांच्या नातवाने चौकशीच्या कागदासह आपल्याला भेट दिले. केशवराव दुसऱ्या जिनिंगवर मॅनेजर झाले. म्हातारपणी त्यांना दिसेनासे झाले होते, पण मान शेवटपर्यंत मिळाला. कचरू टेंभुर्णीला गेला आणि पिठाच्या गिरणीवर राहिला. यजमानांच्या दहाव्याला तो आला होता. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मुनिमानं सांगितलं म्हणून वतलं, वहिनी. मला न्हाई म्हणता आलं न्हाई.’ मी म्हटले, हे लिहून दे. तो म्हणाला, ‘मला लिहिता येत न्हाई.’ अंगठा चालला असता, पण तो गाडीची वेळ झाली म्हणून उठला. पुढच्या वर्षी तोही गेला.

माझ्या यजमानांना परतूरला कोणी डायव्हर म्हणून ठेवले नाही. आम्ही आष्टीला माझ्या माहेरी राहिलो. तिथे ते माझ्या वडिलांच्या मोटेवर बैल हाकत. पुढे भावाने विहिरीवर डिझेलचे इंजिन बसवले, त्या दिवशी ते सकाळीच उठून शेजारच्या गावी गेले आणि ते इंजिन असेपर्यंत मळ्यात आले नाहीत. सन १९७१ मध्ये वारले. त्यांचा फोटो नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, कारण जमीन नव्हती. मतदारांच्या यादीतून पुढच्याच खेपेला नाव कमी झाले.

११. तेव्हा विनंती अशी की, नाव पुसू नये. या जगात माझ्या यजमानांचे नाव आता फक्त आपल्या पाटीवर लिहिलेले आहे. ते तसेच, त्याच अक्षरात राहू द्यावे. त्याच्या पुढचे वाक्य तेवढे बदलावे आणि असे लिहावे : ‘चालक भुजंग तौर यांनी करडीचे तेल घालण्यास हरकत घेतली होती.’ आपल्या पाटीवर जितकी जागा आहे तितक्यात हे बसते. मी मोजून पाहिले आहे.

आपली नम्र आणि अद्याप हयात,

सोनूबाई भुजंग तौर
परतूर, दि. ५ डिसेंबर १९८९

सोबत :
१) आपल्या कार्यालयाच्या दोन्ही उत्तरांच्या नकला.
२) कढई एक, पळीसह. परत करण्याची गरज नाही.