चारही जॅक टेकल्याशिवाय

थांब दादा, मध्ये बोलू नकोस. जन्मभर तूच बोललास. तुझी मुलगी हे मोठ्याने वाचतेय, तिला वाचू दे.

मी, तुझा धाकटा भाऊ, अग्निशमन दलातून लंगडत घरी पाठवलेला, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करतो. कोणी हात धरून लिहून घेत नाहीये. वहिनी म्हणतील, डोकं फिरलंय. फिरलंय, पण जागेवर आहे.

एक. खोली पुतणीला. तू तिथे पाय ठेवशील तो तिला विचारून.

दोन. चिमटे, कानशी, बारीक ब्रश तिलाच; खेळण्यातल्या बंबाचे दिवे तिने जोडलेत. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांचं भिंग त्यांना परत. आणखीही दिलं असतं, पण साक्षीदाराला वाटा देऊ नये म्हणतात. म्हणून चहा पाजला.

तीन. कपाटावरचा छोटा बंब. "भाऊजी, या वयात खेळणी?" म्हणून वहिनी हसल्या होत्या, तोच. आपलीच गाडी आहे, दादा, तू चालवायचास ती. नळ्यांची वेटोळी, घंटा, तू खांबाला घासलेलं दार, सगळं बघून घे. खेळण्याच्या खोक्यातून आलेली शिडी नुसत्या बोटाने वर जायची. ती फेकली आणि नवी केली. हिला खालून खिट्टी आहे. गाडी कलू नये म्हणून जमिनीला टेकवायचे पाय, ते चारही जॅक टेकल्याशिवाय ही उठत नाही.

खरी उठली होती. त्या गल्लीत तू दोनच जॅक टेकलेस. घाई होती, जागा नव्हती, मान्य. वर मी होतो. शिडी कलली. चौकशीत तू काय म्हणालास? "हुकमाआधीच चढला, साहेब. पहिल्यापासून उतावळा." तुला बढती, मला काठी.

पोरी, तुला हे आत्ताच कळतंय. रडू नकोस, पुढे वाच.

चार. बंब दादाला, पण एका अटीवर. सगळ्यांसमोर एकेक जॅक टेकायचा, शिडी उभी करायची आणि त्या दिवशी कुठले दोन राहिले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाही जमलं तर बंब पुतणीचा. मग तिच्या खोलीत गेलास की दर वेळी समोर दिसेल.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे घड्याळवाले, खालच्या मजल्यावरचा शिंपी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: १४ मार्च.
सही: धाकटा.

उत्तर द्यायचंय ना, दादा? चौकशीत मलाही द्यायचं होतं. निघालो.