फाटकावरचा माझा फोटो

प्रिय रादो,

पाकीट बघून तू दचकला असशील. आपल्याकडून टपालाने पत्र येतं ते कुणी गेलं म्हणूनच, नाहीतर फोन असतोच. तेव्हा आधीच सांगते, घाबरू नकोस. गेले ते मीच गेले. मंगळवारी सकाळी. निदान आपल्या फाटकावर तसं लिहून लावलंय.

हसू नकोस, खरंच सांगते. कोंबड्यांना दाणे टाकून भाकरी आणायला निघाले होते. फाटक ओढून घेतलं आणि वळून बघते तर काळ्या चौकटीचा कागद. वर क्रूस, मधे माझा फोटो, खाली माझं नाव. तुझे वडील गेले तेव्हा तू आणि मी गावभर असेच कागद चिकटवत फिरलो होतो, आठवतं? दुकानाच्या भिंतीवर, बसथांब्यावर, आपल्या फाटकावर. चाळीस दिवस झाले की नवा, वर्ष झालं की आणखी एक. आपल्या गावात आता जिवंत तोंडं कमी आणि फाटकांवरची जास्त. त्यामुळे क्षणभर मला वाटलं, आपण खरंच रात्री गेलो की काय. हात बघितला. हातात भाकरीची पिशवी होती. मग मजकूर वाचला. "वेलिका आम्हाला सोडून गेली. तिने आपलं घर परक्यांना दिलं. दुःखी गावकरी."

तिथेच दगडावर बसले. भाकरी आणायची राहून गेली.

दुपारच्या बसने पलीकडच्या गावाची माझी मैत्रीण त्रेंदाफिला आली. कागद बघून तिला कुणीतरी कळवलं होतं. काळा रुमाल, हातात मेणबत्त्या, आणि मेलेल्याच्या नावाने वाटायचा उकडलेला गहू, वर साखर पेरलेली. फाटकातून रडत आत आली आणि मी समोर झाडू घेऊन उभी. तिने गव्हाचं भांडं तेवढं सोडलं नाही, बाकी सगळं टाकलं. मग म्हणते, "मेले, जिवंत आहेस होय! आणि हा एवढा गहू मी आता कोंबड्यांना घालू?" घातला नाही. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून खाल्ला. स्वतःच्या मरणाचा गहू गोड लागतो, रादो.

हे कशावरून झालं ते तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने ऐक. खालच्या दोन खोल्या मी शरदात त्या सीरियाच्या कुटुंबाला दिल्या. कागदपत्रं सरकारने तपासलेली, शिक्के मारलेले. नजीब लाकडाच्या वखारीत जातो, हिबा घरी असते, त्यांची मुलगी लीन पहिलीत जाते. ती सगळी देवदूत आहेत असं मी म्हणणार नाही. नजीब सिगारेटची थोटकं माझ्या गुलाबांत टाकतो, त्यावरून मी त्याला आठवड्यातून एकदा तरी झापते. हिबा भातात दालचिनी घालते, मला नाही रुचत. पण थंडीत खालून चुलीची ऊब वर यायची आणि कुणीतरी दार आपटल्याचा आवाज यायचा. तू स्पेनला गेल्यापासून या घरात दार आपटणारं कुणी नव्हतं.

एक मार्चला मी लीनच्या मनगटावर आपला वसंताचा लाल-पांढरा दोरा बांधला. शेजारच्या मुलांना बांधते तसाच. करकोचा दिसला की काढून फुललेल्या झाडाला बांध म्हणून सांगितलं. ती पोर तेव्हापासून मान वर करून चालते आणि दोनदा खड्ड्यात पडली. पण शाळेत तो दोरा दिसला आणि दुधात मिठाचा खडा पडला. आधी घर, आता आपला दोराही त्यांचाच, असं सुरू झालं. त्याच आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात गावाची सभा बोलावली. तुझा बालमित्र ग्रोझ्दान पुढे उभा होता.

त्याचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही बरं. तो म्हणाला, आपल्या गावात डॉक्टर येत नाही, शाळेला छप्पर नाही, आपली पोरं पोट भरायला देशोधडीला लागली तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता परक्यांसाठी मात्र सरकारला पाझर फुटतो. एकदा दार उघडलं की ते पुन्हा लागत नाही, म्हणाला. आज एक घर, उद्या दहा. लोक माना हलवत होते. मलाही कुठेतरी ते पटत होतं. देशाचं दार किती उघडं ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, मी आठवी शिकलेली बाई. पण तुझे वडील सैन्यात सीमेवर होते तेव्हाची गोष्ट मला आठवली. ते सांगायचे, काटेरी तारेची वाकडी टोकं आपल्याच बाजूला वळलेली असत, कारण ती बाहेरच्यांना अडवायला नव्हतीच, आपल्याला आत कोंडायला होती. आता टोकं तिकडे वळवलीत. तार तीच.

मी उठून हे बोलायला लागले तर ग्रोझ्दान हसून म्हणाला, "वेलिका काकू, उगाच शिणतेस. तुझा रादोसुद्धा आमच्याच बाजूचा आहे. विचार त्याला."

मला इतका राग आला. भर सभेत म्हटलं, माझ्या रादोला मधे आणू नकोस. तो स्वतः परमुलखात दुसऱ्याच्या छपराखाली राहिलाय. त्याला ठाऊक आहे. लोक ग्रोझ्दानला हसले, मी मान ताठ करून घरी आले.

कारण मला तुझा स्पेनमधला पहिला हिवाळा आठवतो. भाड्याची खोली मिळेना, दारांवर परदेशी नको अशा चिठ्ठ्या, आणि तू बसस्थानकात झोपलास. ते तू मला चार वर्षांनी सांगितलंस. खोली मिळाली त्या दिवशी मात्र फोनवर काय सांगितलंस ठाऊक आहे? "आई, एक म्हातारी भेटली, एन्कार्ना म्हणून. तिने वरची खोली दिली आणि मुलाचे बूटही दिले. बरोब्बर बसले गं." तू रडत होतास आणि बूट बसल्याचं सांगत होतास. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण दर शरदात भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी तिच्यासाठी पाठवत आले. माझ्या लेकराला घरात घेतलं म्हणून तिच्या फाटकावर कुणी कागद लावला असेल का, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. या मंगळवारी पहिल्यांदा आला.

आता हिबाचं ऐक. तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत. गावातल्या प्रत्येक फाटकावर तिने फोटो पाहिलेले, तिला वाटलं होतं ते घरमालकांचे मानाचे फोटो आहेत. आपल्याच फाटकावर तुझ्या वडिलांचा तेवढा पावसाने पुसट झालेला, माझा नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं म्हणे. मंगळवारी माझा दिसल्यावर ती इतकी खूश झाली की कागदाला खालून पिवळ्या फुलांची जुडी खोचली आणि लीनला उचलून दाखवला. मला विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, वाढदिवस आहे. तिने संध्याकाळी साखरेचा शिरा करून आणला. दालचिनी घातलेला. मी सगळा खाल्ला.

नजीबला मात्र वखारीत कुणीतरी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर बॅगा भरलेल्या, हिबा रडून सुजलेली, लीन पलंगावर बूट घालून बसलेली. नजीबचं आपल्या भाषेतलं बोलणं तुटकंच. म्हणाला, "आजी, आम्ही गेलो की तू पुन्हा जिवंत."

रादो, मी आयुष्यात बरंच ऐकलंय, पण हे वाक्य मला सोसवेना. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडू नये. बॅगा खाली ठेव." त्याने ठेवल्या. राहिलेत अजून. पण लीनला आता एकटी अंगणात सोडत नाहीत.

पोलिसांकडे जा, असं त्रेंदाफिला म्हणते. कागद कुणी लावला ते शोधायला मला पोलीस कशाला? ग्रोझ्दान रस्त्यात भेटला की नजर चुकवतो, त्यातच सगळं आलं. त्याच्याबद्दल मला धक्का नाही. तो लहानपणापासून असाच, दुसऱ्याच्या खोड्यांत पुढे आणि मार खायला मागे.

पत्र लिहिलंय ते फोटोसाठी. मी तो उशिरा नीट बघितला, चष्मा लावून. चांगला फोटो आहे. मी द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेय, तोंड भरून हसतेय, पडलेल्या दाताची फट दिसतेय. मागच्या ऑगस्टमधला, तू फोन लांब धरून आपल्या दोघांचा काढलास तो. मी म्हटलं होतं, दात दिसतात, कुणाला दाखवू नकोस, आणि तू माझी शपथ घेतली होतीस. कागदासाठी कुणीतरी तुला त्यातून कापलंय. पण नीट कापता आलेलं नाही. माझ्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिलीत, रादो. मधल्या बोटाचं नख काळं, तिकडे तुझ्या कामावरच्या हरितगृहाच्या दारात चेमटलेलं. ग्रोझ्दानने तुझ्याकडे फोटो कशासाठी मागितला ते सांगितलं होतं की नाही, हे मी फोनवर विचारणार नाही. फोनवर तू काहीतरी बोलशील आणि मी ते खरं मानीन, मी तुझी आई आहे. लिहूनही कळवू नकोस. त्रेंदाफिला कागद फाडायला निघाली होती, मी तिचा हात धरला. मी तो तसाच ठेवलाय, हिबाची फुलं सुकली तीही तशीच. येता-जाता तुझी बोटं माझ्या खांद्यावर दिसतात. तू ये, आणि आपल्या हाताने तो काढ. वरची खोली तुझीच आहे, ती मी कुणाला दिलेली नाही.

वाट बघणारी, आणि वाट बघायला अजून जिवंत असलेली,
तुझीच आई